बर्नाडीनचं शून्य

ईरी गावात कॅसिमिर ग्राबोव्स्कीशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. इंजिनांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, युनियनच्या वतीने कारखान्याच्या दारात उभा राहून त्याने भल्याभल्या साहेबांना घाम फोडला. निवृत्त झाल्यावर हा गडी एका भलत्याच नादाला लागला: आकड्यांचे त्रिकोण. पहिल्या ओळीत एक आकडा, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असे उतरत जायचे. मग त्या त्रिकोणाचा उलटा त्रिकोण काढायचा, म्हणजे मूळ त्रिकोणाशी गुणला की कर्णावर, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरात, एक उरतो आणि बाकी सगळीकडे शून्य. जमला की इंटरनेटवरच्या अनुक्रमांच्या संग्रहाकडे पाठवायचा.

कॉलेजची पायरी चढला नव्हता, पण त्रिकोणाला कॉम्प्युटरचा हात लागू देत नसे. "यंत्राने काढलेला त्रिकोण म्हणजे डब्यातलं सूप," म्हणायचा. तो हाताने काढी आणि बायको तपासी. बर्नाडीनने चर्चच्या शुक्रवारच्या मासळी-जेवणाचा गल्ला कित्येक वर्षं सांभाळलेला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी, खिडकीकडच्या खुर्चीत बसून ती पुटपुटे, "एक, उणे सहा, अधिक पाच... शून्य!" तिने शून्य म्हटल्याशिवाय त्या घरातून त्रिकोण बाहेर पडत नसे.

त्या हिवाळ्यात एक त्रिकोण परत आला. संग्रहाचा स्वयंसेवक संपादक, मिनेसोटाचा टेड्रिक, त्याने लिहिलं होतं: "चौथी ओळ बघा. शून्याऐवजी दोन उरतात."

कॅसिमिर भडकला. "काल जन्मलेलं पोरगं बर्नाडीनला शिकवतंय!" रागारागात लांबलचक उत्तर ठोकलं आणि पाठवण्याआधी सहज गुणून बघितलं.

दोन.

उणे चिन्ह तोच विसरला होता, ते काही नवं नव्हतं. नवं हे, की बर्नाडीनला ते दिसलं नव्हतं. मग त्याला गेल्या महिन्यातलं दोनदा मीठ पडलेलं बीटचं सूप आठवलं. गाडी घेऊन ब्रेड आणायला गेलेली आणि भलत्याच रस्त्यावरून फोन करून रडलेली बर्नाडीनही आठवली.

त्याने सगळं उत्तर पुसलं. लिहिलं, "चूक माझी."

पुढचा त्रिकोण त्याने गॅरेजमध्ये, हीटरशेजारी बसून गुपचूप तपासला, नव्या कागदावर उतरवला आणि तिच्यापुढे ठेवला. तिची ती खुर्ची जायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

बर्नाडीनने कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"खाडाखोड कुठाय?"

"काय?"

"म्हाताऱ्या, तू आजवर एक तरी त्रिकोण खाडाखोडीशिवाय काढलायस? तू तर लग्नाच्या रजिस्टरवर सहीसुद्धा खोडून केलीस! माझ्यामागे तपासतोस ना?"

साहेबांना घाम फोडणारा कागदाचा कोपरा दुमडू लागला.

"मिनेसोटावाल्याचं मी वाचलंय," ती म्हणाली. "कॉम्प्युटर उघडाच टाकून गेलास. आकडे निसटतात रे हल्ली. ओळीच्या मध्यावर पोचेपर्यंत सुरुवात कुठून केली तेच आठवत नाही."

"मग सोडून देऊ आपण. कुणाला हवेत हे त्रिकोण!"

"खबरदार! नसती नाटकं नकोत." तिने चष्मा पुसला. "शून्यांची भांडणं तू कर. मला कर्ण दे. तिथे प्रत्येक वेळी एकाला एकानेच गुणायचं ना? तेवढं येतं मला अजून."

"अगं, कर्ण कधी चुकत नाही."

"म्हणून तर मागतेय."

कर्णावर सगळे एक टिकले, तरच उलट्या त्रिकोणात आकडे पूर्ण येतात याची खात्री असते. तिथे दोन-तीन येऊन बसले, की अपूर्णांकांची भीती. हे तिला सांगावं असं कॅसिमिरला वाटलं. पण मग ती म्हणाली असती, लाडीगोडी पुरे.

त्याने स्वच्छ कागद चुरगाळला आणि गॅरेजमधून खाडाखोडीचा आणला. खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला, समोर नाही. तिने कर्णाच्या टोकावर बोट ठेवलं.

"एक," ती म्हणाली.

तो खालची ओळ गुणू लागला. "थांब हं... शून्य."

"एक," ती म्हणाली, आणि तिचं बोट एक पायरी खाली उतरलं.