नातीच्या पोस्टडॉकपायी

घरात एक माणूस जास्त शिकलं की बाकीच्यांचं हसं होतं आणि किस्से साठतात. आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या नातीपायी साठलेत. मृणालने आभाळातून पडणाऱ्या किरणांवर पीएचडी केली. आता तिला परदेशात पोस्टडॉक पाहिजे. यंदा नाही मिळालं तर हे सोडून कोचिंग क्लासमध्ये शिकवणार म्हणते. मी चौथी पास, मी काय सांगणार?

*

पोस्टडॉक म्हणजे काय, ते तिने मला आणि शेजारच्या सावंताला समजावलं. "दोन वर्षांची नोकरी. संपली की दुसऱ्या देशात अर्ज. पर्मनंट कधी, सांगता येत नाही."

सावंत माझ्याबरोबर गिरणीत होता. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी दांडी मारली तर आत घ्यायचे. तो म्हणाला, "म्हणजे बदली कामगार! एवढं शिकून?"

"हो आजोबा. फक्त गेट लांब लांब आहेत."

*

तिने गच्चीवर किरण मोजायचं यंत्र ठेवलं. पोळ्यांच्या डब्याएवढं. सोसायटीचा सेक्रेटरी धापा टाकत वर आला. "इथे किरण आणायचे नाहीत! लहान मुलं आहेत!"

"काका, ते आधीपासून पडतायत. आत्ता बोलता बोलता तुमच्या डोक्यातून चार-पाच गेले."

"कमिटीला न विचारता?"

*

एक जागा दक्षिण ध्रुवावर होती. बर्फात खोल यंत्रं गाडलीत म्हणे. सावंताची बायको पक्की मालवणी. तिने नीट ऐकून घेतलं. "इतक्या बर्फ हा? मगे सुरमय घेवन जा गो, खराब जावची नाय!"

तिथून नकार आला. लांबलचक, गोड. अर्ज फार आवडला, पण घेता येत नाही. गिरणीत 'चल निघ' म्हणायचे, दोन शब्दांत काम!

*

शेवटी जर्मनीची एकच जागा उरली. तीन सरांची पत्रं लागतात, ती त्यांनी परस्पर पाठवायची. पोरीबद्दल काय लिहिलं, ते पोरीलाच दाखवत नाहीत! दोन गेली. तिसरे सर वाकोल्याचे, फोन उचलेनात. मुदत संध्याकाळपर्यंत.

"परत कसं विचारू आबा? वाईट दिसतं."

"तुझं दिसेल. माझं काय दिसायचं राहिलंय?"

सावंताला घेऊन गेलो. सरांनी बनियनवर दार उघडलं. "करतो आज."

"करा. आम्ही बसतो."

तासाभराने कॉम्प्युटर उघडला. मग मान वळवून म्हणाले, "पत्र गुप्त असतं हो."

"साहेब, आम्हाला इंग्रजी येत नाही. बिनधास्त लिहा!"

दीड पान लिहिलं. शेवटचा एक शब्द दोनदा पुसला, तिसऱ्यांदा ठेवला आणि बटण दाबलं.

घरी आलो तर मृणाल दारातच उभी. "गेलं?"

"गेलं. डोळ्यांनी बघितलं."

तिने आम्हाला पाणी दिलं. मग हळूच, "शेवटी काय लिहिलं असेल हो?"

मी काय सांगणार! पण सावंत गिरणीत कापडाच्या गाठींवर ब्रशने नावं रंगवायचा. वाचता येवो न येवो, अक्षर हुबेहूब उतरवतो. त्याने पेपरच्या कडेला चित्र काढावं तसा तो शब्द काढला. इंग्रजी न येणारे आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

मृणालने वाचलं. तेवढाच तुकडा फाडून खिशात घातला.

"आबा, शिडी आणा. माळ्यावरची मोठी बॅग काढायचीय."