मेणावरचा अंगठा

निरोप आला तेव्हा मी कचेरीत होते. फोनवर फौंड्रीतला दत्तोबा होता. "आक्का, अण्णा कामाच्या टेबलापाशी बसल्या बसल्या गेलं..." माझ्यासमोर दिवसभराच्या कामांची यादी होती. पाचवं काम : अण्णाच्या चष्म्याची काडी बसवून आणणे. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

अण्णा, माझा थोरला भाऊ, शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंड ओतण्याआधी वाळूत जो लाकडी पॅटर्न दाबतात, तो करणारा. घरात आम्ही दोघंच. वहिनी लवकर गेली, मी लग्न केलं नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. हात महिन्याभरात सुधारला, बोलणं मात्र गेलं. एकच शब्द उरला, "न्हाय." चहा हवा असला तरी न्हाय, नको असला तरी न्हाय. मी पाटीवर वीस शब्द लिहून रोज सकाळी तासभर म्हणून घ्यायची. तो 'पाणी'वर बोट ठेवायचा आणि "न्हाय" म्हणायचा.

शब्दच नाहीत तर माणूस विचार कशानं करणार? मला वाटलं, आतली पाटीही कोरी झाली असणार. मग मी पुढच्या व्यवस्थेची यादी केली. त्याच्या नोकरीचा राजीनामा. दिवसभरासाठी बाई. हत्यारे विकणे. ती अण्णासमोरच चुलत्यांना वाचून दाखवली. हत्यारांपाशी आले तसा अण्णा उठला आणि हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसला. "बघ पोरी, ह्याला काय कळतंय व्हय आता!" चुलते म्हणाले. मी मान डोलावली... अजून लाज वाटते.

त्याच रविवारी दत्तोबा सायकलला पंपाचा पॅटर्न बांधून आला. फौंड्रीत साचे भरणारा, अण्णाचा जुना जोडीदार. "अण्णा, ह्या बेण्यानं जीव खाल्लाय बघा. दर कास्टिंग तडकतंय. चौघं बघून गेलं."

मी म्हटलं, "दत्तोबा, त्याला समजत नाही आता."

"आक्का, मी तुमास्नी कुठं इचारतोय?" म्हणत त्यानं पॅटर्न अण्णाच्या मांडीवर ठेवला.

अण्णानं डोळे मिटले. अंगठा कडेकडेनं फिरवला, आतल्या एका कोपऱ्यात थांबला, मागं गेला, पुन्हा तिथंच आला. "न्हाय," तो म्हणाला. असं न्हाय मी ऐकलं नव्हतं, खालच्या सुरातलं, ठाम. मग त्यानं पेटीतून मेणाचा गोळा काढला, थोडं मेण मळलं आणि त्या धारदार कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून गोलाई दिली.

"कोपऱ्यातच ताण धरत हुतं की!" दत्तोबा ओरडला. "आन् आमी लोखंडाला शिव्या घालतोय!"

मंगळवारी तो पेढे घेऊन आला. एकही कास्टिंग तडकलं नव्हतं. मी ती यादी फाडली.

अण्णा पुन्हा कामावर जाऊ लागला तो शेवटच्या दिवसापर्यंत. शब्दही हळूहळू परतले, पण माझ्या पाटीवरचे नव्हेत. आधी रंधा, मग मेण, मग दत्तोबा. माझं नाव सगळ्यात शेवटी आलं. त्यावरून मी भांडले की हसून म्हणायचा, "न्हाय."

गेल्या आठवड्यात पुन्हा यादी करायला बसले. बँक. रेशनकार्ड. तिसऱ्या ओळीत 'हत्यारे' लिहिलं आणि पुढचं सुचेना, म्हणून दत्तोबानं घरी आणून दिलेली पेटी उघडली. मेणाचा गोळा वरच होता, त्याच्या अंगठ्याचा खळगा तसाच. त्यात माझा अंगठा ठेवून बसले... बराच वेळ डोक्यात एकही शब्द नव्हता, तरी काय करायचं ते कळलं होतं. संध्याकाळी दत्तोबानं पेटी सायकलला बांधून परत फौंड्रीत नेली, तिथल्या नव्या पॅटर्नमेकरसाठी. गोळा मी ठेवून घेतला. आता तो माझ्या याद्यांच्या वहीशेजारी असतो, आणि कुठल्याही यादीत नाही.