सीगलचं धरायचं नाही

मोघे खिडकीत वाडगा घेऊन उभे असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आमच्या इमारतीत सगळ्यांना आपोआप कळलं होतं. वसंत लागला की ऑफिसला निघण्याआधी ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या सपाट छपरावर दहीभात ठेवत. एक थोराड सीगल काचेवर चोचीनं ठकठक करत असे. तो भात गिळायचा आणि एरवी अखंड थट्टा करणारा हा माणूस त्याच्याकडे भेदरून बघत राहायचा.

त्यांची बायको माधवी गेली तेव्हा इरा नऊ वर्षांची होती. दहाव्याला पिंड त्याच छपरावर ठेवला. कावळे इथे पुष्कळ, पण मे महिना होता, छपराच्या खडीत सीगलचं घरटं होतं, आणि ती जोडी सहसा दुसऱ्या पक्ष्याला तिथे टेकू देत नव्हती. मोघे हात जोडून एकेक वचन देत होते. परत जायचं हा माधवीनं शेवटपर्यंत धरलेला हट्ट. नेमकं तेवढंच ते टाळत होते. अखेर म्हणाले, "इराला घेऊन पुण्याला जाईन, तुझ्या आईजवळ." मी पाणी आणायला आत गेले आणि पंख फडफडले. बाहेर येऊन बघते तर सीगल पिंड घशाखाली ढकलत होता.

"सीगलचं धरायचं नाही, वहिनी," मोघे म्हणाले. इरा त्यांच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती.

ते पुण्याला गेले नाहीत. कुणी विषय काढला की तेच वाक्य, आणि पाठोपाठ सीगलची सगळी कुंडली. "अहो, हा कचऱ्याच्या पिशव्या फाडतो, कबुतराचं पिल्लू अख्खं गिळतो, शेजारच्या घरट्यातलंही सोडत नाही. गवतावर पाय आपटतो, गांडुळांना वाटतं पाऊस आला, ती वर येतात आणि हा मटकावतो. असल्या खादाडानं पिंड खाल्ला, तर त्यात माधवीचं काय?" आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण मनापासून नव्हे.

एका जून महिन्यात त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. पिल्लू आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचा मारत होतं. तिनं मान वाकवून सकाळचा भात त्याच्यापुढे ओकला. "मागितल्याशिवाय देत नाही बघा," मोघे म्हणाले. मग एकदम हळू आवाजात, "माधवी उपाशी राहिली असेल का हो?" जोडी दर वर्षी त्याच जागी परत यायची, आणि काचेवर पहिली ठकठक झाली की त्यांचा चेहरा उतरायचा.

गेल्या हिवाळ्यात मोघे हृदयविकारानं गेले. इरा आता युनिव्हर्सिटीत शिकते. घर आवरायला आली तेव्हा माझ्याकडे जेवायला थांबली आणि ताटावरच रडायला लागली.

"काकू, आईच्या वेळी कावळा आला होता. अगदी जवळ. बाबांनी डोळे मिटून हात जोडले होते, तेवढ्यात मी टाळी वाजवून त्याला घालवला. मला इथून जायचं नव्हतं. सॉरी, काकू. बाबांना मी कधीच सांगितलं नाही."

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं. हॉस्पिटलमध्ये मोघ्यांनी मला सगळं सांगितलं होतं: "माझे डोळे मिटलेले नव्हते, वहिनी. तिच्या आईला दिलेला शब्द मी मोडला, पण तो तिच्यामुळे मोडला असं तिला कधी वाटायला नको."

इरानं डोळे पुसले आणि विचारलं, "आई रागावली असेल का?"

मोघ्यांनी विचारलं होतं, माधवी उपाशी राहिली असेल का. मी तिच्या ताटात भात वाढला.