काळ्या चौकटीतली भाकरी

मित्रहो, आज सकाळी माझा युक्तिवाद जिंकला आणि जाहिरात फसली.

सूनबाईने घरी कडक भाकरीचा व्यवसाय सुरू केला आहे. पहिल्या जाहिरातीत तिने हळदी रंगावर तांबडी अक्षरे घेतली होती. मी म्हणालो, पांढऱ्यावर काळे अक्षरच सर्वांत स्पष्ट दिसते. वर तुझा फोटो, भोवती काळी चौकट. तिने तसे करून व्हॉट्सॲपवर पाठवले.

थोड्याच वेळात आळंदहून पुतण्याचा फोन आला.

"अप्पा, वैनी कधी गेल्या? कामून कळवलं न्हाई?"

मी फोन तिच्याच हाती दिला.

"भावजी, मी भाकरी थापायले. किती पाठवू?"

दुपारी हळदी जाहिरात गेली. पहिली मागणी त्याचीच आली.

काळी अक्षरे निःसंशय स्पष्ट होती. ती वाचायला मात्र कोणी थांबले नाही. तुम्ही आधी काय पाहता, रंग की अक्षर?