साडूंनी केलेला सुपरहिरोंचा पंचनामा

सुपरहिरोंवर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका सुपरहिरोंवर संशय घेणारा तर अख्ख्या पृथ्वीवर नसेल. मी नांदेडला पतसंस्थांचे हिशेब तपासतो. संशय घेण्याचे मला पैसे मिळतात. साडू तेच काम फुकट करतात आणि माझ्यापेक्षा मन लावून करतात. लातूरच्या एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे; रेघ वाकडी गेली तर त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाच्या घरात कॉमिक्सच्या तीन लोखंडी पेट्या असाव्यात, हे मला लग्नानंतर बरीच वर्षं पटलं नव्हतं. मला वाटायचं, पेट्यांत दुसरंच काही असणार.

हा नाद त्यांना निलंग्याच्या शाळेत लागला. तिथल्या एसटी स्टँडाजवळ एका दुकानात कॉमिक्स भाड्यानं मिळत आणि दुकानासमोरच्या फळीवर बसूनच वाचावी लागत. साडू आणि त्यांचा चुलतभाऊ एकाच भाड्यात दोघं वाचायचे. एकानं डावं पान धरायचं, दुसऱ्यानं उजवं. चुलतभाऊ हिरोच्या बाजूनं असायचा. साडू तेव्हापासून सरकारी वकिलाच्या भूमिकेत. "साडूसाहेब, तुम्हीच सांगा," ते मला म्हणायचे, "निलंग्यात आग लागली तर बंब यायला किती वेळ लागतो? आणि हा बाबा आगकाडी ओढायच्या आत हजर. संकटाच्या आधी पोचणारा माणूस संकटाच्या ओळखीचा असतो!" मुखवट्याचाही त्यांना राग. "चांगलं काम केलं तर तोंड कशाला लपवायचं? आपल्याकडं देवळाला साधं बाकडं दिलं तरी आज्ज्यापासून नावं लिहितात." पण त्यांचा मुख्य आक्षेप नोकरीबद्दल होता. बहुतेक सुपरहिरो दिवसा कुठंतरी नोकरी करतात आणि मधेच जग वाचवायला निघून जातात, हे ऐकलं की साडूंच्यातला सरकारी माणूस उसळून यायचा. "मग हजेरीपटावर सही कोण करतं? साहेब सामील असल्याबिगर हे होतच न्हाई."

एवढा अविश्वास, तरी नवा अंक आला की पहिला हात यांचाच. नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी हेच. मी एकदा विचारलं, "तुम्हाला हे आवडत नाही तर बघता कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाकरी कशाला खाता असं विचारलं. "आवडत न्हाई असं कोण म्हणलं? लई आवडतं. म्हणून तर नजर ठेवावी लागते."

ते चित्र बघतात तेही आपल्यासारखं नाही. मधे हिरो आणि राक्षस हाणामारी करत असतात, मागे इमारती कोसळत असतात, आणि साडू चष्मा कपाळावर चढवून कोपऱ्यात बोट ठेवतात. "ह्या खिडकीत माणूस हाय, दिसलं? आता पुढच्या चित्रात बघा. खिडकी हाय का? न्हाई. मग माणूस कुठं गेलं?" मला आधी ही गंमत वाटायची. नंतर बायकोनं सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव बसलं. दगडमातीची घरं, डोक्यावर मातीची जाड माळवदं. पहाटे सगळं खाली आलं. साडू तेव्हा नोकरीसाठी लातुरात होते. ते मिळेल त्या गाडीनं गावी गेले, आणि ज्याच्याबरोबर एक भाडं वाटून घ्यायचे त्या चुलतभावाला त्यांनी स्वतः दगड बाजूला करत शोधलं. तो गेला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. पण कुठल्याही घरी गेले की आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघतात, मग बसतात. बसतात ते दाराजवळ. त्यांच्या स्वतःच्या घरी उंबऱ्याजवळच्या फडताळात तांब्यावर वाटी, वाटीवर पेला अशी उतरंड रचलेली असते. जमीन हलली तर आवाज व्हावा म्हणून. आमच्या भागात तेव्हा पुष्कळ घरांत असं होतं. बाकीच्यांनी भांडी केव्हाच उचलली. साडूंनी उचलली नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी मीनल मात्र त्या सगळ्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मली. सिनेमातला त्यांचा जोडीदार तीच. बाप शंका काढणार, लेक ती खोडून काढणार, आणि दोघं पॉपकॉर्नच्या एकाच पुड्यात हात घालून भांडणार. मग ती अकरावीत गेली, आणि लातुरात अकरावी-बारावी म्हणजे घरात सुतक असल्यासारखं असतं. केबल तोडली. मोठ्यानं शिंकायचं नाही. साडूंनी पेट्यांना कुलपं घातली आणि जाहीर केलं, की पोरीची परीक्षा होईपर्यंत एकही सिनेमा बघणार नाही. मला खात्री होती, हे चोरून बघणार. मी तपासलं. नाही बघितला. उलट गोष्ट आधीच कळू नये म्हणून ते सगळ्या तरुण पोरांकडे संशयानं बघू लागले. उदगीरला एका लग्नात शेजारचा मुलगा "काका, शेवटी काय होतं माहीत आहे का..." एवढंच म्हणाला, तर साडू कानात बोटं घालून भरल्या पंगतीतून उठले. जिलेबी ताटातच राहिली.

सिनेमे बंद झाल्यामुळे त्यांचं सगळं लक्ष चौकाचौकांतल्या क्लासच्या फलकांकडे वळलं. एकाच पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर होता. साडूंनी स्कूटर थांबवली. "ही पोरगी एकाच टायमाला तीन ठिकाणी बसून शिकली, साडूसाहेब. हिच्याकडं शक्ती हाय."

मीनलला मेडिकलला जागा मिळाली, पण लांब, रात्रभराच्या प्रवासावर. जायच्या आधी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा ठरला. आम्ही दोघं नांदेडहून गेलो. तिच्या क्लासमधल्या सात-आठ मैत्रिणी आणि मित्रही येणार होते. निघताना तिनं मला बाजूला घेतलं. "काका, पप्पांना सांगा ना, आज मोठ्यानं काही बोलू नका म्हणून. मला लाज वाटते हो." मी सांगितलं. साडू म्हणाले, "हाव, तोंड शिवलं बगा." त्यांचा चेहरा जरा उतरला, पण खरोखरच ते मध्यंतरापर्यंत गप्प होते. ते आणि मी दाराशेजारी, बायका आमच्या पुढे, मीनल वर मधोमध आपल्या घोळक्यात.

थिएटर नवीन होतं, आवाजाची यंत्रणाही नवीन. पडद्यावर एक शहर कोसळायला लागलं आणि जमिनीच्या पोटातून यावा तसा एक घुमारा उठला. खुर्ची थरथरली. पायाखालची फरशी थरथरली. साडू उभे राहिले आणि ओरडले, "हाललं! भायेर! सगळे भायेर!"

मी हिशेबी माणूस आहे, विचार करून पाऊल टाकतो. त्या दिवशी विचार मागे राहिला आणि पाय पुढे गेले. मी एकटाच नव्हतो. चाळिशीच्या पुढचं जवळजवळ सगळं थिएटर बाहेर आलं. कुणाची चप्पल एकच, कुणी साडीचा सोगा दातात धरलेला. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट केली, वर लोंबणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. दिवा स्थिर होता. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "स्पीकर व्हता की." कुणी हसलं नाही.

आत मात्र सगळी तरुण मंडळी जागच्या जागी बसून होती. त्यांना त्या थरथरीचीच मजा वाटत होती, तिकीट त्याचंच होतं. साडू बाहेर आलेच नव्हते. दार दोन्ही हातांनी उघडं धरून ते चौकटीत उभे होते. "ओ काका, दार लावा! उजेड येऊन राहिला!" कुणी शिट्टी मारली. साडूंनी हाक दिली, "मिनू, ये गं."

मीनलची मान खाली गेली. पडद्यावरचा आवाज तेवढ्यात थांबला आणि तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "कोण हाय गं ते येडं?" मी परत येऊन साडूंच्या मागे उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांनाही आलं असणार. ते परत हाक मारतील असं मला वाटलं. त्यांनी मारली नाही. नुसते दार धरून उभे राहिले.

मीनल उठली. "माझे पप्पा आहेत," ती म्हणाली, चांगलं मोठ्यानं, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत खाली आली.

"पप्पा, स्पीकर आहेत ते."

"कळलं मला."

"मग चला की आत."

"पाय न्हाई उचलून राहिले, बाई."

तिनं एक हात त्यांच्या हाताखाली घातला, दुसऱ्या हातानं दार हळूहळू ओढून घेतलं आणि दाराशेजारच्या पायरीवर त्यांना बसवून स्वतः शेजारी बसली. उरलेला सिनेमा दोघांनी तिथूनच काढला. मी खुर्ची रिकामी आहे असं खुणेनं सांगितलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

रिक्षाकडे चालताना मी विचारलं, "कसा होता?" आता पंचनामा सुरू होणार म्हणून मी तयारीत होतो.

"काय म्हाईत," साडू म्हणाले. "मी बघितलाच न्हाई. ती हसून राहिली होती, तेच बघत बसलो."

मीनल कॉलेजला गेली त्याला आता बरेच महिने झाले. नवा सिनेमा लागला की साडू नांदेडला येतात आणि मला घेऊन जातात. मी खुर्चीत नीट बसतो, कशाचं खंडन करत नाही. मला तेवढं येत नाही. परवा पडद्यावर हिरो अगदी वेळेवर पोचला, तसे साडू उजवीकडे वळले आणि "बघितलं का गं..." एवढं बोलून थांबले. उजवीकडे एक अनोळखी गृहस्थ होते. मग ते माझ्याकडे झुकले आणि पुढचं वाक्य मला, जरा हळू आवाजात, सांगितलं.