चार ओळींची बिरुदं

कुणी एखाद्या बाईला मोठं पद दिलं, की लेलेकाकूंच्या कपाळाला आठी पडायची. अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात त्या यादवकाळातल्या शिलालेखांवर काम करायच्या. पहिल्याच भेटीत मी म्हटलं, "त्या काळी राण्यांना केवढा मान होता ना!" तर म्हणाल्या, "बिरुदं चार-चार ओळींची असतात गं. पण दान दिलेली जमीन तिची की राजाची, ते आधी बघायचं." उलट, देवळातल्या दिव्यासाठी तेल देणारी कुणी बिनबिरुदाची बाई लेखात सापडली, की दिवसभर खुशीत असायच्या. "हिचं तेल हिचंच होतं बघ!"

२००६ मध्ये माझ्या नवऱ्याने, महेशने, जवळच्या नोव्हाय गावात मोटारींच्या सुट्या भागांची कंपनी काढली. बाईच्या नावावर कंपनी असली की कंत्राटं मिळायला बरं पडतं, म्हणून प्रेसिडेंट मी. घरी पार्टी झाली. सगळे 'मॅडम प्रेसिडेंट' म्हणून चिडवत होते, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "चेकवर सही कोण करतं?"

महेश हसला. "काकू, घरचंच तर आहे सगळं."

"घरचं असतं तेव्हाच विचारायचं."

पाहुणे गेल्यावर तो भडकला. "या बाईला प्रत्येक नवरा चोर वाटतो!" मलाही वाटलं, एकट्या राहतात, दुसऱ्याचं सुख बघवत नसेल. तरी सोमवारी मी ऑफिसात गेलेच. रिसेप्शनवरच्या मुलीने कुणाला भेटायचंय ते विचारलं आणि मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं.

मग मी रोज जाऊ लागले, व्यवहार समजून घेऊ लागले. महेशला ते खुपायचं. २००८ मध्ये गाड्यांचा धंदा बसला, आमच्या ऑर्डरी थांबल्या. आमचं दोघांचं घर तारण ठेवून कर्ज काढायचं त्याने परस्पर ठरवलं. "तू फक्त सही कर, यार." मी नाही म्हटलं. कंपनी बंद झाली, घर वाचलं.

काकू तेव्हा हॉस्पिटलात होत्या, शेवटच्या आजारात. वाटलं, ऐकून खूश होतील, म्हणून सगळं सांगितलं. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "आणि तो काहीच बोलला नाही?"

"नाही."

"मग लक्ष ठेव."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. महेशने पुढे नोकरी धरली. मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. चांगला माणूस आहे. पण तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला, की मी टीव्हीचा आवाज कमी करते.