परत पाठवलेली अँबॅसडर

अँबॅसडर इतकी का खपली, यावर शिकलेली माणसं बोलायला लागली की मी उठून आत जाते. सरकारनं परदेशी गाड्या येऊ देणं बंद केलं, बाजारात दुसरं होतं काय, आत माणसं किती मावतात, असं सगळं ते सांगतात. खोटं नाही त्यात काही. पण आमच्या अकोल्यात कितीतरी जणांना ती गाडी घ्यायला लावली माझ्या बाबांनी, आणि का लावली हे मला माहीत आहे.

बाबा मोटार मिस्त्री होते. तेव्हा रीतच होती, गाडी घ्यायची म्हटलं की माणूस आधी मिस्त्रीला विचारायचा, मग बायकोला. कापसाच्या जिनिंगवाल्यांकडे, डॉक्टरांकडे लांबलचक अमेरिकन गाड्या होत्या. त्यांचे सुटे भाग येणं बंद झालं तसा बाबांचा भाव वाढला. मिळत नसलेला भाग ते लोखंड कानशीनं घासून स्वतः घडवायचे. एकेका भागापायी तीन-तीन दिवस जायचे. नव्या अँबॅसडरचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "हे काय गाडी हाय? इचे पार्ट कोणीबी बदलवते. मिस्त्रीचं काय काम याच्यात?" आईला त्यांच्या हाताचा केवढा अभिमान! बाजारात अमेरिकन गाडी दिसली की ती थांबायची आणि मला कोपरानं ढोसायची.

मी अकरा वर्षांची असताना आईचं पोट दुखायला लागलं. दोन दिवस तिनं ओव्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आजच कापायला हवं, इथले सर्जन बाहेरगावी आहेत, अमरावतीला न्या. पुढच्या रेल्वेला अजून चार तास होते. बाबा एका जिनिंगवाल्या शेटजींची, त्यांनीच दुरुस्त केलेली अमेरिकन गाडी आणायला धावले. तेवढ्यात शेजारच्या वकिलांना कळलं आणि त्यांनी आपली नवी अँबॅसडर ड्रायव्हरसह आमच्या दारात पाठवली.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "जाय, सांग त्याले, आमची गाडी येऊन राहिली. मिस्त्रीची बायको त्याच्या हातची गाडी सोडून दुसरीत गेली तं लोक काय म्हणतीन? घरवालीलेच भरवसा नाही म्हणतीन."

मी बाहेर जाऊन तसंच सांगितलं. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "पक्कं ना, बाई?" मी ठसक्यात हो म्हटलं. मलाही मोठ्या गाडीत बसायचं होतं, ते लपवत नाही. बाबा आले तोवर अँबॅसडर गेली होती. ती येऊन गेली हे ना आईनं त्यांना सांगितलं, ना मी.

आम्ही शेटजींच्या गाडीतून निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडी उभी राहिली. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा दांडा तुटला होता. बाबांनीच घडवलेला. एका सायकलवाल्याच्या मागे बसून ते मूर्तिजापूरला परत गेले. तिथल्या दुकानात अँबॅसडरचा अख्खा पंप फळीवर पडून होता. आमच्या गाडीला बसेल असं काही नव्हतं. मग ते लोखंडाचा तुकडा मागून, अमरावतीपर्यंत टिकेल एवढाच, दुसरा दांडा घासायला बसले. दुसरी गाडी शोधावी हे त्यांना सुचलंच नाही.

इकडे आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग तापलेलं. म्हणाली, "घडवून राहिले असतीन. येतीन."

ते आले, दांडा बसला, गाडी सुरूही झाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, आत फुटलंय, दोन तास आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आई गेली.

त्यानंतर जो कोणी विचारायला आला त्याला बाबांनी एकच सांगितलं. "अँबॅसडर घ्या. मूर्तिजापुरात, अकोटात, चांदुरात, कोणाच्याबी हातानं चालू होते तेच गाडी घ्या." लोकांनी ऐकलं. एकेक करून अमेरिकन गाड्या भंगारात गेल्या आणि बाबांचं काम आटत गेलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होते, आणि मी पाहत होते. दारात आलेली गाडी मी परत पाठवली, हे सांगायला माझी जीभ रेटेना. सात वर्षं रेटली नाही.

माझं लग्न ठरलं त्या महिन्यात एक कापूसवाला गाडीचं विचारायला आला. म्हणाला, "तुमी तं मोठ्या गाड्यायचे मिस्त्री. हे साधी गाडी काहून सांगता सगळ्यायले?"

बाबा म्हणाले, "ह्या गाडीत गेली असती तं माही बायको आज घरी असती."

मी चहा घेऊन दारात उभी होते. तो माणूस गेल्यावर मी बाबांच्या समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वकिलांची गाडी, आईचे शब्द, माझं हो.

ते फडक्यानं हात पुसत राहिले. "मले मालूम हाय. त्या ड्रायव्हरनं त्याच हप्त्यात सांगतलं."

"मंग मले कधी बोलले काहून नाही?"

"तुले काय बोलू? तू आईचं ऐकलं."

मला रडू आवरेना. वाटलं, आता सगळं बोलून झालं. बाबांनी फडकं बाजूला ठेवलं.

"तो तुटला तो पहिला दांडा मी घाईत घासला होता, बाई. शेटजीले गाडी लवकर पायजे होती. तीन दिवसाचं काम एका दिवसात केलं. तुह्या आईले हे मालूम नव्हतं."